पहिली स्पोर्ट्स बाइक : नवी आर१५, जिक्सर एसएफ २५० की मित्राची आरसी ३९०?

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

बरेच महिने इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. वय २५, मूळचा नाशिकचा, दोन वर्षांपासून हिंजवडीत नोकरी. अठरा पूर्ण झाल्यावर बाबांच्या स्प्लेंडरवर लायसन्स काढलं आणि आजवर गिअरची गाडी चालवली ती तेवढीच. पुण्यात रूममेटची अ‍ॅक्टिव्हा वापरतो.

स्पोर्ट्स बाइकचं वेड चौथीपासूनचं. आमच्या गल्लीतल्या एका दादाने २००९ साली यामाहाची आर१५ आणली होती, निळी. रविवारी तो ती धुवायचा. आम्ही पोरं पाण्याच्या बादल्या आणून द्यायचो, कारण शेवटी टाकी पुसायला फडकं आमच्या हातात मिळायचं. स्वतःच्या पगाराची पहिली गाडी घ्यायची ती अशीच, पुढे झुकून बसायची, पूर्ण फेअरिंगची म्हणजे पुढून-बाजूंनी आवरणाने झाकलेली, हे तेव्हाच ठरलं. त्यामुळे स्कूटर किंवा साध्या कम्यूटरचा विचार नाही.

बजेट सगळं धरून अडीच लाख. डोळ्यांसमोर तीन गाड्या आहेत.

१. यामाहा आर१५, नवी.
२. सुझुकी जिक्सर एसएफ २५०, नवी.
३. मित्राची २०२२ ची केटीएम आरसी ३९०. १९ हजार किमी चाललेली, दोन लाख दहा हजार म्हणतोय.

उंची ५ फूट ६ इंच, वजन ६४. रोज जाऊन-येऊन १४ किमी ऑफिस, महिन्यातून एकदा पुणे-नाशिक, आणि सुट्टीला ताम्हिणी, वरंधा हे घाट बघायचे आहेत. मन आरसीकडे ओढतंय. एवढ्या पैशात तेवढी गाडी पुन्हा मिळायची नाही असं वाटतं. पहिलीच स्पोर्ट्स बाइक म्हणून ती झेपेल का?

---

चाकणचाका | सोमवार, रात्री १०:५०

आरसी घे. मी आधी १५० सीसी घेतली होती, आठ महिन्यांत कंटाळलो. विकताना पंचेचाळीस हजारांचा खड्डा पडला आणि शेवटी ३९० च घेतली. दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच कर. आणि २०२२ च्या आरसी ३९० ला कॉर्नरिंग एबीएस आहे (एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल आहे (मूठ पिळल्यावर मागचं चाक घसरू न देणारं). वळणात गाडी कललेली असताना ब्रेक लागला तर तो हिशोब ती करते. आर१५ ला ट्रॅक्शन कंट्रोल आणि दोन्ही चाकांना एबीएस आहे, पण कललेल्या गाडीचा हिशोब करणारं एबीएस नाही. मग जास्त सुरक्षित कुठली? याचा विचार कर.

---

ग्रीसचे_हात | मंगळवार, सकाळी ७:२५

गोदाकाठ, चिंचवडला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. तुझा प्रश्न महिन्यातून दोन-तीन पोरं मला विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवी स्पोर्ट्स बाइक पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे पडून येते तेव्हा ती बहुतेक वेळा कुठे पडलेली असते? सोसायटीच्या गेटवर, पेट्रोल पंपावर, अरुंद रस्त्यावर यू टर्न घेताना. वेग दहा-पंधराचा. हँडल पूर्ण वळलेलं, समोरून कोणीतरी आलं, आणि हात सवयीने पुढच्या ब्रेकवर गेला. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला बसते, मग मीटरवर आकडा काहीही असो. स्प्लेंडर ११२ किलोची, हँडल उंच आणि रुंद. तोल गेला तरी पाय टेकून सावरता येते, आणि आपण ते इतक्या वेळा केलेलं असतं की लक्षातही राहत नाही. स्पोर्ट्स बाइकचं हँडल म्हणजे फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांना) आवळलेल्या दोन आखूड दांड्या, क्लिप-ऑन. ते वळतं कमी, आणि पूर्ण वळवलं की कित्येक गाड्यांवर अंगठा टाकी आणि ग्रिपच्या मध्ये दबतो. नवा माणूस तिथेच दचकतो आणि क्लच सोडून देतो.

आता जोर बघ. स्प्लेंडर ८ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती). आर१५ १८.४ पीएस, वजन १४२ किलोच्या आसपास. जिक्सर एसएफ २५० २६.५ पीएस, १६१ किलो. आरसी ३९० ४३.५ पीएस, १७२ किलो. म्हणजे स्प्लेंडरवरून आर१५ वर येतोस तेव्हाच जोर दुपटीच्या वर जातो, आणि आरसीवर पाचपटीच्या वर. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळही बघ : स्प्लेंडर ८ न्यूटन मीटर, आर१५ १४.२, जिक्सर २२.२, आरसी ३७.

पण आकड्यापेक्षा तो जोर कसा येतो याला महत्त्व आहे. आपल्या रस्त्यावर खड्डा चुकवायचा राहिला की हात आदळतो आणि अ‍ॅक्सिलरेटरची मूठ आपोआप पिळली जाते. आर१५ चं इंजिन ७,४०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे झाले की) व्हीव्हीए, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी सोय, लागेपर्यंत शांत असतं. खाली मूठ जास्त पिळली गेली तर गाडी जराशी पुढे सरकते आणि तुला चूक कळते. आरसीवर तीच चूक दुसऱ्या गिअरमध्ये झाली तर कळेपर्यंत समोरच्या रिक्षाचा बंपर आलेला असतो. शिकणाऱ्याला आपली चूक कळायला अर्धा सेकंद मिळाला पाहिजे. पहिली गाडी तो अर्धा सेकंद देणारी हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

चाकणचाका म्हणतोय ते कॉर्नरिंग एबीएसचं खरं आहे आणि ती मोलाची गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण ते टायरला जेवढी पकड आहे तेवढीच वापरू देतं. वरंध्यात वळणावर दरडीची बारीक खडी सांडलेली असेल तर नसलेली पकड कुठलाही सेन्सर तयार करत नाही.

पैशाचं. अडीच लाख सगळं धरून म्हणालास, पण त्यात हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, बूट धरलेत का? बहुतेक पोरं धरत नाहीत.

---

सांजवारा | मंगळवार, दुपारी १:४०

ग्रीसचे_हात यांच्या प्रतिसादाला +१. मी चार वर्षं आर१५ चालवतेय, उंची ५ फूट १ इंच. सीटची उंची ८१५ मिमी आहे. शोरूममध्ये मला सांगितलं होतं की मॅडम, ही तुमच्यासाठी नाही. मी दोन दिवस रडवेली होते, मग तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शोरूममध्ये जाऊन बुक केली.

ज्यांचे पाय पूर्ण टेकत नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. दोन्ही पाय टेकवायचा प्रयत्न सोडून द्या. थांबताना सीटवरून जरासं डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवायचा. थांबण्याआधी दहा फूट नजर खाली टाकून जमीन बघायची, वाळू आहे का, खड्डा आहे का, उतार कुठल्या बाजूला आहे. उतार डावीकडे असेल तर थोडं पुढे जाऊन थांबायचं. पहिले पंधरा दिवस मी रोज रात्री पार्किंगमध्ये इंजिन बंद ठेवून गाडी नुसती ढकलत फिरवायचे, पुढे-मागे, खांबाभोवती. त्याने तिचा तोल कुठे सुटतो ते हातांना कळलं. लगेच सस्पेन्शन खाली करून घेऊ नका, गतिरोधकाला पोट घासतं.

गोदाकाठ, तुला ५'६" ला तिन्ही गाड्यांवर पायांची अडचण येणार नाही. अडचण मनगटांची येईल. आर१५ वर शरीराचा भार हातांवर टाकलास तर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मनगटं बोलायला लागतात. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरायची, पोट आवळायचं, कोपरं सैल सोडायची. हे जमायला मला दोन महिने लागले.

---

जुना_हायवे | मंगळवार, दुपारी ४:०५

तुला पूर्ण फेअरिंगच हवं हे वाचलं, तरी विचारतो. यामाहाचीच एमटी-१५, बिनफेअरिंगची, बघितलीस का? इंजिन आर१५ चंच, हँडल उंच, बसणं सरळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकला बरी पडते.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

@जुना_हायवे, बघितली. गाडी चांगली आहे, पण जिन्यातून खाली आल्यावर मला समोर जी दिसायला हवी ती ही नाही. वेगळं कारण देता येणार नाही.

@ग्रीसचे_हात, बरोबर ओळखलंत, हेल्मेट सोडून काहीच धरलं नव्हतं. दादा, किती धरू?

---

श्टुटगार्टकर | मंगळवार, रात्री ११:५५

मी मूळचा सांगलीचा, आता जर्मनीत. इथली पद्धत सांगतो, कारण आपल्याकडे ती पायरीच नाही. भारतात अठराव्या वर्षी गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं की १०० सीसीपासून १००० सीसीपर्यंत सगळं एकाच कागदावर चालवता येतं. इथे युरोपात पायऱ्या आहेत. ए१ म्हणजे १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत. ए२ म्हणजे ३५ किलोवॅटपर्यंत. ए२ वर दोन वर्षं काढली की परीक्षा देऊन पूर्ण ए मिळतं, किंवा २४ व्या वर्षी थेट.

३५ किलोवॅट म्हणजे साधारण ४७.६ पीएस. म्हणून तर आपल्या बारामतीत बनणाऱ्या अप्रिलिया आरएस ४५७ ची ताकद नेमकी तेवढी ठेवली आहे. आरसी ३९० सुद्धा ए२ मध्ये बसते. मग चाकणचाका म्हणतात ते बरोबर का? कागदावर बरोबर. पण इथे परीक्षेला बसण्याआधी शाळेत ४५-४५ मिनिटांच्या बारा सक्तीच्या फेऱ्या होतात : पाच शहराबाहेर, चार ऑटोबानवर (इथला द्रुतगती महामार्ग), तीन रात्रीच्या. परीक्षेत चालण्याच्या वेगाने सरळ गाडी चालवून दाखवावी लागते, ५० च्या वेगात अचानक पूर्ण ब्रेक लावून दाखवावा लागतो, ५० लाच अडथळा चुकवून दाखवावा लागतो. मी सांगलीत अकरा वर्षं गाडी चालवलेला माणूस, मला चालण्याच्या वेगाचा भाग पहिल्या तीन वेळा जमला नाही. पाय खाली जायचा.

तुम्हाला ही शाळा मिळणार नाही, तर ती स्वतः भरवावी लागेल. आणि ती शाळा १४२ किलोच्या गाडीवर सोपी जाते.

---

ग्रीसचे_हात | बुधवार, सकाळी ७:१०

श्टुटगार्टकर, फार चांगलं लिहिलंत.

गोदाकाठ, पंचवीस ते तीस हजार बाजूला ठेव. हेल्मेट फुल फेस, आयएसआय शिक्क्याचं. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय नसलेलं हेल्मेट विकताच येत नाही, तरी रस्त्याच्या कडेला मिळतात, ती घेऊ नकोस. डोक्यात घालून पट्टा लाव आणि मागून वर ओढून बघ, निघालं तर माप मोठं आहे. गालांना सुरुवातीला घट्टच लागलं पाहिजे, स्पंज महिन्याभरात बसतो. जॅकेट सीई आर्मरचं, म्हणजे कोपर-खांद्याला युरोपीय शिक्क्याचे पॅड असलेलं. ग्लोव्ह्जना तळहातावर स्लायडर (घसरणारी कडक पट्टी) हवा, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. बूट घोट्याच्या वर जाणारे. पैसे कमी पडले तर जॅकेट साधं घे, हेल्मेट आणि ग्लोव्ह्जमध्ये तडजोड करू नकोस.

आणि आरसीचा मोह सुटत नसेल तर निदान ती माझ्याकडे आण. घेण्याआधी बघून देतो, पैसे नकोत.

---

अण्णा_सातारकर | बुधवार, सकाळी १०:२०

बाळा, माझं वय ६३. येझदी चालवली, आरएक्स १०० चालवली. गाडीचं वेड मला कळतं, म्हणून तुला नको म्हणणार नाही.

एक सांगतो. माझ्या जवळच्या मित्राचा मुलगा तुझ्याच वयाचा होता. नवी गाडी, नऊ दिवस झाले होते. जुन्या खंबाटकी घाटात डाव्या वळणावर बाहेर गेला. वेग फार नव्हता, असं मागून येणाऱ्या जीपवाल्याने सांगितलं. वळण आवळत गेलं, तो घाबरला आणि कठड्याकडे बघत राहिला. गाडी नजर जाते तिकडे जाते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, आणि तो लहानपणी माझ्या आरएक्सच्या टाकीवर बसून फिरलेला पोर होता. म्हणून आता मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो. वळणात भीती वाटली की जिथे जायचंय तिकडे मान वळव. कठडा, ट्रक, खड्डा, कशाकडेही टक लावू नकोस. हे रिकाम्या मैदानावर शंभरदा कर म्हणजे घाटात आपोआप होईल.

आईबाबांना गाडी दाखवायला घेऊन जा. लपवून घेऊ नकोस.

---

चाकणचाका | बुधवार, दुपारी १२:१५

अण्णा, वाचून गलबलून आलं.

मी माझं मत थोडं बदलतो. मी ३९० घेतली तेव्हा आठ महिने १५० चालवून झाले होते, हे मी पहिल्या प्रतिसादात कंटाळा म्हणून लिहिलं. पण त्या आठ महिन्यांत मी दोनदा पडलो होतो, दोन्ही वेळा गाडी हलकी म्हणून पाय वाचला. ते ३९० वर झालं असतं तर काय, हा विचार मी केला नव्हता. पंचेचाळीस हजारांचा खड्डा म्हणालो, तो शिकण्याचा खर्च धर.

एक व्यवहाराची गोष्ट. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना जीएसटी १८ टक्के आहे आणि त्यावरच्यांना ४० टक्के. त्यामुळे नवी ३५० च्या वरची गाडी महागली आणि जुन्या ३९० ला मागणी वाढली आहे. मित्र दोन दहा म्हणतोय ती किंमत म्हणूनच स्वस्त वाटतेय. पण पुढे दोन वर्षांनी तू मोठी घेशील तेव्हा अपाचे आरआर ३१०, निंजा ३००, आर३ या तिन्ही १८ टक्क्यांतच येतात. पर्याय संपत नाहीत.

---

पंचगंगेचं_पाणी | बुधवार, संध्याकाळी ६:४५

आमच्या कोल्हापुरात पोरांना वेगाचं वेड जन्मजात. मीही त्यातलाच. रस्त्यावर हौस भागवायचा नाद सोडला आणि पैसे साठवून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. ट्रॅक ३.७ किमीचा. कोइमतूरला कारी स्पीडवे आहे, तो २.१ किमीचा. तिथे पाहिलेलं सांगतो. लिटर क्लासच्या, म्हणजे १००० सीसीच्या, गाड्या घेऊन आलेले लोक सरळ पट्ट्यात पुढे जायचे आणि वळणात आर१५ वाली पोरं त्यांना गाठायची. छोट्या गाडीवर वळणातला वेग राखावाच लागतो, तो गेला तर परत आणायला इंजिनात जोर नसतो. मोठ्या गाडीवर वळणात केलेली चूक मूठ पिळून झाकता येते, त्यामुळे ती सुधारत नाही.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ८:५०

मंडळी, चार दिवस लिहिलं नाही कारण गाड्या बघत होतो. तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत की नीट लिहिणं माझं काम आहे.

गुरुवारी जिक्सर चालवली. सीट ८०० मिमी, हँडल आर१५ पेक्षा वर. बसल्या बसल्या घरची वाटली. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ला असतानाही इंजिन कुरकुरत नाही. पुणे-नाशिकला हीच सगळ्यात आरामाची, यात मला शंका नाही. हिशोब केला तर ऑन-रोड किमतीनंतर माझ्याकडे आठ-नऊ हजार उरत होते.

शुक्रवारी आर१५. शोरूमवाले मुख्य रस्त्यावर सरळ जाऊन या म्हणत होते. मी ग्रीसदादांचं लक्षात ठेवून मागच्या गल्लीत नेली आणि यू टर्न घेतला. पहिल्याच खेपेला अंगठा टाकीला लागला आणि मी क्लच सोडला. गाडी बंद पडून डावीकडे कलली. पाय टेकला, मांडीवर वजन आलं, आणि सावरली. हृदय धडधडत होतं. तसाच पाच मिनिटं उभा राहिलो, मग परत घेतला. पाचव्या खेपेला पाय न टेकता निघाला.

शनिवारी मित्राला घेऊन आरसी चिंचवडला नेली. ग्रीसदादांना प्रत्यक्ष भेटलो. त्यांनी आधी गाडी चालू केलीच नाही. इंजिन थंड होऊ दिलं. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, उजवीकडे वळवलं, आणि खाली वाकून स्टॉपरवर (हँडल जिथे अडतं त्या खुंटीवर) टॉर्च मारला. उजव्या बाजूला एक चपटा ठसा होता. मग बार एंड (हँडलच्या टोकाची टोपी) बघितला, नवा होता, फक्त उजवा. फोर्कच्या नळीवर बोट फिरवलं तर तेलाची पातळ रेघ आली. मित्राला त्यांनी एकच विचारलं, "उजवीकडे कधी पडली?" मित्र खरं बोलला, त्याचं मला बरं वाटलं. मागच्या पावसाळ्यात मोरीवर घसरली होती. त्याने मला सांगितलं नव्हतं कारण गाडी नीट चालतेय असं त्याला मनापासून वाटत होतं.

मग मी त्यांच्या गल्लीत तोच यू टर्न आरसीवर घेतला. पहिल्या खेपेला मागच्या ब्रेकवर पाय ठेवून हळूच निघालो, बरं जमलं. दुसऱ्या खेपेला गटाराच्या झाकणावर चाक आदळलं आणि मूठ पिळली गेली. समोर भाजीची हातगाडी होती. थांबलो, पण मधे जेमतेम दोन हात राहिले. भाजीवाल्या मावशींनी काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं.

आर१५ वर चुकलो तेव्हा मी सावरलो होतो. आरसीवर चुकलो तेव्हा एबीएसने आणि नशिबाने सावरलं. रात्री झोपताना हा फरक डोक्यातून जाईना.

आज सकाळी आर१५ बुक केली. निळी. आईबाबा नाशिकहून आले होते. बाबांनी टाकीवर हात फिरवला आणि विचारलं, "चेनला तेल कितीला टाकायचं?" अण्णा, तुमचे आभार. लपवून घेतली असती तर हे ऐकायला मिळालं नसतं. सत्तावीस हजार उरलेत, हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज आजच घेतले.

---

सांजवारा | रविवार, रात्री ९:१५

अभिनंदन! नव्या टायरवर मेणासारखा गुळगुळीत थर असतो, पहिले शंभर-दीडशे किमी गाडी फार कलवू नकोस. पावसात तर मुळीच नको.

---

जुना_हायवे | रविवार, रात्री ९:४०

अभिनंदन. विम्याचं बघ. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा असतो आणि तो दरवर्षी नवा करावा लागतो. पोरं दुसऱ्या वर्षी तोच विसरतात. फेअरिंगच्या गाडीला झिरो डेप (भागांची झीज न कापता पैसे देणारा विमा) घेच, प्लास्टिकच्या भागांना साध्या विम्यात निम्मेच पैसे मिळतात.

आणि मुंबईकडे निघालास तर जुन्या हायवेनेच. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. खंडाळ्यात एक तुकडा सामाईक आहे, तिथे पाट्या बघून चाल.

---

अण्णा_सातारकर | सोमवार, सकाळी ६:३०

शाब्बास बाळा. वडिलांना सांग, पाचशे किमीला चेन पुसून तेल टाकायचं, पावसात भिजली तर त्याच दिवशी. आणि त्यांनाही एक चक्कर मारू दे.

---

चाकणचाका | सोमवार, सकाळी ९:००

छान निर्णय. दर रविवारी सकाळी साडेसहाला मी मोशीजवळच्या एका मोकळ्या मैदानावर असतो. चार शंकू आहेत माझ्याकडे. श्टुटगार्टकरांनी लिहिलेले प्रकार करून बघू, चालण्याच्या वेगाचा आणि ५० वरून थांबण्याचा. मलाही ते कधी कोणी शिकवलेलं नाही. येतोस?

---

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ९:२०

येतो. गाडी शुक्रवारी हातात मिळतेय. @श्टुटगार्टकर, शंकू किती अंतरावर ठेवायचे?

---

श्टुटगार्टकर | सोमवार, दुपारी २:१०

हळू नागमोडीसाठी साडेतीन मीटर. आधी पाच मीटरने सुरू करा आणि जमेल तसं जवळ आणा. नजर पुढच्या शंकूच्या पलीकडे, मागच्या ब्रेकवर हलका पाय, क्लच अर्धा, मूठ स्थिर. आणि ५० वरून थांबण्याचा सराव रनिंग-इन (नव्या गाडीचा सुरुवातीचा जपून चालवायचा काळ) संपेपर्यंत नका करू, नवे ब्रेक पॅडही बसायला वेळ घेतात. पहिला महिना फक्त हळू.

---

ग्रीसचे_हात | सोमवार, रात्री ८:४५

मोशीला मीही येतो, घरापासून जवळच आहे. गोदाकाठ, गाडी ताब्यात घेताना क्लच लिव्हरचा फ्री प्ले (क्लच लागण्याआधीची ढील) आणि दोन्ही लिव्हरची उंची तुझ्या हातांप्रमाणे लावून घे, शोरूममध्ये सरसकट एकच ठेवतात. सीटवर बसून हात सरळ पुढे केलास की बोटं लिव्हरवर पडली पाहिजेत, मनगट वर वाकता कामा नये. जमलं नाही तर तसंच राहू दे, १० चा पाना घेऊन येईन.